धुराच्या दिवसांतलं स्वयंपाकघर

धुराचे दिवस परत आले आहेत. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी जाग आल्यावर घशात कुणी राखेची चिमूट ठेवून गेल्यासारखं वाटतं, डोळे चोळावेसे वाटतात आणि चोळले की आणखीच झोंबतात, तेव्हा समजायचं. फरीदाबादच्या आमच्या सोसायटीतून या दिवसांत समोरचा टॉवर दिसत नाही. दुपारी त्याच्या कडा जराशा उमटतात आणि संध्याकाळी पुन्हा कुणी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा तो नाहीसा होतो. लोक याला थंडीची चाहूल म्हणतात, शाली उन्हात टाकतात, गाजराचा हलवा करतात. मला मात्र या दिवसांची किळस येते, आणि ती नुसत्या हवेमुळे येत नाही.

चहा करायला मी स्वयंपाकघरात जाते. आत पाय टाकला की दिवे आपोआप लागतात. वरच्या कपाटांच्या पोटाखाली उजेडाची एक पट्टी, ओट्याच्या कडेखाली दुसरी, काचेच्या कपाटात तिसरी, आणि छताच्या खोबणीतून झिरपणारा आणखी एक उजेड, ज्याला आमच्या डिझायनरनं ‘मूड लाइट’ असं नाव दिलं होतं. माझा मूड तिथे उभं राहिलं की हमखास बिघडतो. त्या उजेडात वरण निळसर दिसतं आणि कोथिंबीर प्लॅस्टिकची वाटते. कपाटांना मुठी नाहीत. दाबलं की ती उघडतात आणि दाबलं की त्यांच्यावर बोटं उमटतात, म्हणून घरात सतत कुणी ना कुणी मऊ फडकं घेऊन त्यांच्यामागे असतं. पुसून पुसून कामवाली बाई सोडून जायच्या बेतात आहे.

याच जागी दोन वर्षांपूर्वीपर्यंत एक काळपट, तेलकट, पण चांगलं स्वयंपाकघर होतं. बिल्डरनं दिलं होतं तसंच. तपकिरी सनमायकाची कपाटं, लागण्याआधी बराच वेळ डोळे मिचकावणारी ट्यूबलाइट, काळा ओटा आणि खिडकीत घरघरणारा एक्झॉस्ट फॅन. तो आतली सगळी हवा इमारतीच्या पोटातल्या त्या उभ्या पोकळीत फेकायचा, जिथून पाण्याचे पाइप जातात. त्या पोकळीत सगळ्यांच्याच स्वयंपाकाचे वास एकमेकांत मिसळून वर जायचे. छोले, हिंग, उतू गेलेलं दूध, आणि आमची सुकट. कुणाचा वास कुठला ते कुणाला कळत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ज्यांच्या घरात ती होते त्यांना तिच्याविषयी सांगावं लागत नाही आणि ज्यांच्या घरात होत नाही त्यांना सांगून उपयोग नसतो. तव्यावर कोरडी भाजायची, पाखडायची, मग कांदा, भरपूर लसूण, तिखट. सोबत ज्वारीची भाकरी. तिचा वास उग्र असतो, हे मी नाकारत नाही. पण उग्र असणं आणि घाण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यातला फरक ज्याला कळत नाही त्याच्या नाकावर माझा विश्वास नाही.

आम्ही मूळचे नागपूरचे. मी दिल्लीत एका सरकारी कार्यालयात, नवरा मिलिंद इथल्याच एका कारखान्यात, मुलगी बोधी कॉलेजात. बाबा गेल्यावर आई नागपूरला एकटी राहिली, तेव्हा मी तिला इकडे घेऊन आले. ती सहजासहजी आली नाही. महापालिकेच्या शाळेत जन्मभर मुलांना शिकवलेली बाई. दुसऱ्याच्या घरात राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, लेकीच्या तर नाहीच. मला एकाच गोष्टीची धास्ती होती. ती इथे पाहुणी होऊन राहिली तर? विचारून पाणी घेणारी, जेवण झाल्यावर ‘छान झालं होतं’ म्हणणारी पाहुणी. पहिले काही महिने ती अगदी तशीच वागत होती. मग एक दिवस मी ऑफिसातून आले तर मिठाचा डबा जागेवर नव्हता. डाळी, मसाले, पोळपाट, सगळंच हललेलं. मला एका शब्दानं न विचारता तिनं माझं स्वयंपाकघर स्वतःच्या हाताला लावून घेतलं होतं. मी बराच वेळ हळद शोधत राहिले आणि मला फार बरं वाटलं.

ते स्वयंपाकघर मोडायचं खूळ बोधीच्या डोक्यातून आलं आणि मिलिंदनं ते उचलून धरलं. बोधीच्या मैत्रिणींकडे सगळ्यांकडे म्हणे ‘मॉड्युलर’ होतं. “मम्मा, बिल्कुल सरकारी क्वार्टर वाटतं यार आपलं किचन,” असं ती म्हणायची. मी लक्ष दिलं नसतं, पण त्याच सुमारास आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की काम करताना भरपूर उजेड हवा. आईला नीट दिसावं म्हणून मी हो म्हटलं. उजेड तिच्यासाठी होता, हे मला इथे मुद्दाम लिहून ठेवायचं आहे.

किळसेची सुरुवात शोरूममध्येच झाली. एकामागून एक नुसती स्वयंपाकघरं, आणि एकातही कधी मोहरी तडतडलेली नाही. प्लॅस्टिकची लिंबं, रिकाम्या बरण्या, शेगडीवर एक चकचकीत भांडं ज्याच्या तळाला स्टिकर तसाच. सगळीकडे गोंदाचा आणि नव्या प्लायचा कोंदट वास. तिथला डिझायनर, गौरव नावाचा गोड मुलगा, आम्हाला कपाटं उघडून दाखवत होता आणि ती आवाज न करता आपसूक मिटत होती. बोधी तर हरखूनच गेली. आईनं एक खण उघडला, मिटताना बघितला, पुन्हा उघडला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली की रागावलं तर आपटायचं काय मग. मी हसले. ते तिचं शोरूममधलं एकुलतं एक मत होतं.

गौरवनं घरी येऊन मापं घेतली आणि संगणकावर चित्र काढून आणलं. चित्रात कोपऱ्यात, फ्रिजच्या शेजारी, एक देवघर होतं. पाठीमागून पिवळा दिवा असलेलं, वर नक्षी, खाली अगरबत्तीचा छोटा खण. मी म्हटलं, हे नको. त्याला वाटलं मला जागा पटली नाही, म्हणून त्यानं ते पूर्वेकडे सरकवलं. मी पुन्हा नको म्हटलं. त्यानं मग अगदी हळू आवाजात विचारलं की मॅम, आप लोग? प्रश्न पुरा केला नाही. इथे तो कुणीच पुरा करत नाही, पुढचं उत्तर समोरच्यानं भरायचं असतं. मी सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत. त्याचा चेहरा एकदम उजळला. “अच्छा, बुद्धा! तो मैम, लिविंग में बड़ा वाला स्टैच्यू लगाते हैं, नीचे से लाइट देके. बहुत डेकोरेटिव लगता है.” आई आतल्या खोलीत बुद्धमूर्तीसमोर फुलं ठेवत होती. तिला ऐकू गेलं असावं. पुढे त्यानं व्हेज किचनच ना, असं विचारलं, आणि मिलिंद माझ्याआधी घाईघाईनं म्हणाला, कधी कधी अंडी.

तोडफोड सुरू झाली ती दिवाळी उरकल्यावर लगेच. जुनी कपाटं भिंतीपासून सुटली तेव्हा जे दिसलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. भिंतीवर तेलाचा पिवळा, चिकट, बोटभर जाड थर, त्यात झुरळांची वाळलेली अंडी रुतून बसलेली, उंदराच्या लेंड्या, कधीतरी मागे पडलेला आणि बुरशीनं हिरवा झालेला लसणाचा गड्डा. सिंकखालच्या लाकडाला हात लावला तर ते ओल्या पावासारखं दबलं. जिवंत झुरळंही बरीच निघाली आणि हॉलकडे पळाली. बोधी सोफ्यावर चढून किंचाळली. मला खरोखर ओकारी आली. आई मात्र पदर नाकाशी धरून हसत होती. म्हणाली, “इतकी वर्षं यांच्या घरात राहून राहिलो होतो आपण.”

आणि मग धूर उतरला. दर वर्षी उतरतो तसाच, पण आम्ही दर वर्षी स्वयंपाकघर फोडून बसलेलो नसतो. हवा अमुक इतकी बिघडली की या सगळ्या पट्ट्यात बांधकाम बंद करायचा हुकूम निघतो. रस्त्यावर डिझेल जळत राहतं, कचऱ्याचे ढीग धुमसत राहतात, कारखान्यांच्या मागून तो सडक्या अंड्यांसारखा वास येत राहतो, कालव्यावरून गाडी गेली की काचा वर कराव्या लागतात. हे सगळं चालू राहतं. पण गेटवरच्या गार्डनं आमच्या सुताराला करवतीसकट परत पाठवलं. घरात कापणं नाही, घासणं नाही, भिंत फोडणं तर नाहीच. म्हणून आमचं स्वयंपाकघर होतं तसं उघडं पडून राहिलं. दात काढल्यावर जबडा दिसतो तसा ओटा, लोंबणाऱ्या वायरी, सिमेंटची पोती. दार प्लॅस्टिकनं झाकलं तरी ती पांढरी भुकटी सगळीकडे पोचायची. उशीवर, चहात, दात घासायच्या ब्रशवर. बाहेरचा धूर आत आणि आतली धूळ बाहेर. पोळी चावली की दाताखाली कचकच व्हायची. त्या दिवसांत मला माझ्या स्वतःच्या श्वासाचाही तिटकारा आला होता.

शेगडी आम्ही हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर मांडली. आईनं कुरकुर केली नाही; असल्या कामचलाऊ संसारात तिचा हात उलट जास्त चालायचा. शेजारच्या बाईंनीही आपलं स्वयंपाकघर मोकळं करून दिलं, दूध तापवून पाठवायच्या, पाणी भरून द्यायच्या. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्या बऱ्या आहेत, आणि माझ्या दृष्टीनं सगळा त्रास तिथेच आहे.

एका शनिवारी सकाळी आईला सुकट खावीशी वाटली. नागपूरहून येताना तिनं आणलेली थोडी उरली होती. आता तिनं ती हॉलमध्ये, सोफ्याशेजारी, कधीच भाजली नसती. तिची एक पद्धत आहे, तिच्या आईचीही तीच होती. सुकट घरात भाजायची नाही. शेगडी मागच्या अंगणात न्यायची, म्हणजे वास कुणाच्या कपड्यांना, अंथरुणाला धरत नाही, शेजाऱ्यांच्या घरात कोंडत नाही, मोकळ्या हवेत उडून जातो. दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून हे सगळं. आमच्या जुन्या स्वयंपाकघरात फॅनखाली ती निभावून न्यायची, पण आता तो फॅनही उतरवलेला होता. म्हणून तिनं विजेची शेगडी उचलली आणि पुढच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. पुढची बाल्कनी म्हणजे जिथे सगळ्या मजल्यांच्या हॉलच्या बाल्कन्या एकाखाली एक उघडतात ती. आणि मोकळी हवा, जिच्या भरवशावर ती बाहेर गेली होती, ती त्या दिवसांत अजिबात हलत नव्हती. धूर जसा लटकून होता तसाच आमच्या सुकटीचा वासही लटकून राहिला.

थोड्याच वेळात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की कुणाच्या तरी घरातून फार घाण वास येतो आहे, काहीतरी मेलेलं आहे, बघा. मग एकेक सुरू झालं. कुणाला उंदीर वाटला, कुणाला कबुतर, कुणाला गटार तुंबलेलं. एकानं हात जोडून विचारलं की कुणी म्हातारं माणूस एकटं तर राहत नाही ना. मी आतल्या खोलीत कपड्यांवरची भुकटी झटकत होते, फोनकडे माझं लक्ष नव्हतं. सेक्रेटरी आणि आणखी दोघं मजल्यामजल्यावर दारांशी वाकून वास घेत निघाले आणि आमच्या मजल्यावर येऊन थांबले. बेल वाजली तेव्हा दार आईनं उघडलं.

मी बाहेर येईपर्यंत ती त्यांना सांगून मोकळी झाली होती. तिचं हिंदी सरळ असतं, शाळेतल्या मुलांशी बोलल्यासारखं. “सूखी मछली भून रही हूँ. आओ ना अंदर, बैठो. रोटी के साथ देती हूँ, चखके देखो.” हातात उलथणं होतं, चेहरा शेगडीच्या उष्म्यानं लाल झालेला, आणि पाहुणे आल्याचा खरा आनंद त्यावर होता. नागपूरला कुणी वासानं दाराशी आलं तर ते खायलाच आलेलं असायचं. सेक्रेटरी एक पाऊल मागे सरकले. त्यांचा मास्क हनुवटीवर होता. बाहेर धुरातून येताना तो हनुवटीवर होता आणि आमच्या दारात त्यांनी तो नाकावर ओढला.

“आंटी जी,” ते म्हणाले, अगदी अदबीनं, “ये सब मत कीजिए. यहाँ फैमिलीज़ रहती हैं.”

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं की भाईसाब, सगळं शहर जळतंय, तुम्ही सकाळपासून तेच छातीत भरताय, त्याची तक्रार कुठल्या ग्रुपवर टाकलीत? त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला समजावून सांगावं तसं ते म्हणाले, “वो तो सबका है, मैम. ये आपका है.”

दार लावल्यावर मला हात धुवावेसे वाटले. त्या माणसाला मी शिवलेही नव्हते, तरी धुतले. सकाळपासून ज्या किळसेनं मी वैतागले होते, ती धूळ, ती झुरळं, तो गिलावा, ते सगळं मला एकदम स्वच्छ वाटायला लागलं. घाण म्हणजे काय ते मला आत्ता कळत होतं आणि ती फार सभ्य आवाजात बोलत होती.

आईनं शेगडी बंद केली. सुकट अर्धी भाजून झाली होती. तिनं ती वर्तमानपत्रात गुंडाळली, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत. संध्याकाळी धुळीनं भरलेल्या सोफ्यावर बसून तिनं मला विचारलं, शाळेत न सुटणारं गणित विचारावं तसं, “फॅमिली राहतात म्हणाला तो. मग आपण काय आहोत गं?” मी त्या माणसाला आणि त्याच्या सोसायटीला नागपुरी शिव्या घातल्या. पण प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं, आणि तिनं शिव्या मागितल्याही नव्हत्या.

मिलिंदनं तोवर ग्रुपवर माफी मागून टाकली होती. झाल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, पुन्हा होणार नाही, खाली हात जोडलेले. त्यावर भराभर अंगठे आले. मी त्याला वाटेल ते बोलले. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला की रोज यांच्याबरोबर लिफ्टमध्ये उभं राहायचं असतं. आमच्या लग्नाआधी तो दिल्लीत एका खोलीत भाड्यानं राहायचा. घरमालकाला कळू नये म्हणून अंड्यांची टरफलं कागदात बांधून ऑफिसच्या बॅगेतून न्यायचा आणि मधल्या कुठल्या तरी स्टॉपवर टाकायचा. हे त्यानं मला कधी तरी गंमत म्हणून सांगितलं होतं आणि मी हसलेही होते. आता आईनं ती बांधलेली पिशवी त्याच्यापुढे धरली आणि सांगितलं की इथल्या कचऱ्यात नको, बाहेर कुठे तरी टाक. त्यानं काही न विचारता ती ऑफिसच्या बॅगेत ठेवली. त्या दोघांचं ते न बोलता जुळणं मला बघवलं नाही. मी उठून बाल्कनीत गेले, धुरात उभी राहिले.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघराचा सगळा नकाशाच पालटला. उजेड राहिला बाजूला. मिलिंदनं गौरवला बोलावून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: वास बाहेर जाणार नाही ना? गौरवला तर पर्वणीच. सगळ्यात जास्त ओढणारी चिमणी, हॉलच्या बाजूला सरकणारी काच, काचेच्या कडेला रबर, खिडकीला दुहेरी तावदान. बोधीला उघडं स्वयंपाकघर हवं होतं. तिचं तोंड जरा उतरलं, मग तिलाही काच ‘क्लासी’ वाटली. मी भांडले, पण घरात चौघं असताना तिघं गप्प राहिली की एकटीचं भांडण तमाशा वाटायला लागतं. आईला मी विचारलं तर म्हणाली, करू दे त्याला, बरं होईल.

हवा सुधारली, बंदी उठली, सुतार आले, काम झालं. नवं स्वयंपाकघर बघायला इमारतीतल्या बायका आल्या, इथली रीतच आहे तशी. खण उघडून झाले, दिवे लावून विझवून झाले. शेजारच्या बाईंनी काच सरकवून बघितली, चिमणीवर हात ठेवला आणि आईचे दोन्ही हात हातात घेऊन प्रेमानं म्हणाल्या, “आंटी जी, अब तो आपके यहाँ से कुछ पता ही नहीं चलता. बहुत अच्छा किया.” आई हसली. म्हणाली, “थँक यू.” त्यांनी आणलेली मिठाई मला त्या दिवशी गिळवली नाही. मिठाईचा काही दोष नव्हता.

आईला आता तिथे उत्तम दिसतं. तांदळातला खडा दिसतो, डब्यावरची तारीख दिसते. फक्त कुठलं कपाट कुठून दाबायचं ते ती विचारते. रोज विचारते. सुरुवातीला मला वाटलं सवय नाही म्हणून. मग एक दिवस ती काचेपाशी आली, बाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, “मी चहा करू का?” माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी ओरडले तिच्यावर, विचारतेस काय म्हणून. तिला वाईट वाटलं, मलाही. मिठाचा डबा तेव्हापासून मी ठेवते तिथेच असतो. दोन वर्षं झाली, तो कुणी हलवलेला नाही.

या रविवारी मी हट्टानं सुकट आणली, दिल्लीला जाऊन, मासळीच्या बाजारातून. स्वतः भाजली. काच उघडी ठेवली, खिडकी उघडली, चिमणी लावली नाही. बाहेर धूर इतका होता की खिडकी उघडी ठेवणारी सगळ्या टॉवरमध्ये मी एकटीच असेन. वास घरभर पसरला आणि मला लहानपणीच्या सगळ्या रविवारांसारखी भूक लागली. मला वाटलं आई वासानं बाहेर येईल, भाजणं माझ्या हातातून काढून घेईल, मला येत नाही म्हणेल.

ती आली. तिनं खिडकी लावली. काच ओढून घेतली. चिमणीचं बटण शेवटपर्यंत दाबलं. ते मात्र तिला बरोबर ठाऊक होतं. मग न्हाणीघरातून एक टॉवेल ओला करून आणला, त्याची घडी केली आणि बाहेरच्या दाराच्या फटीशी नीट दाबून बसवली. तिच्या हाताच्या सफाईवरून कळत होतं की हे तिनं मनात कितीदा तरी करून बघितलेलं आहे.

जेवली मात्र मनापासून. भाकरीचा तुकडा ताटात फिरवून शेवटचं तिखटसुद्धा पुसून घेतलं. बोटं चाटली. मला क्षणभर वाटलं, झालं, सगळं ठीक झालं. मग ती उठली, लिंबाची फोड घेऊन नखं घासली, साबण लावला, हात धुतले, पुन्हा साबण लावला. दुपारी ती खाली बागेत बायकांमध्ये जाऊन बसते. इस्त्रीची साडी नेसली, मास्क लावला, चष्मा पुसला. मी तिला सोडायला लिफ्टपर्यंत गेले.

लिफ्ट वर येत होती. आईनं मास्क जरा खाली केला, उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली आणि हुंगली. तिची खात्री होईना. मग तिनं तो हात माझ्यापुढे धरला.

“बघ गं, येतो का?”

मी तिची बोटं नाकाशी घेतली. लसणाचा नाही, पिठाचा नाही, सुकटीचा तर नाहीच. कसलाच वास नव्हता. माझ्या आईच्या हाताला कसलाच वास नव्हता, आणि मला त्या रिकामपणाची अशी शिसारी आली जशी भिंतीमागच्या त्या झुरळांचीही आली नव्हती.

“नाही येत,” मी म्हटलं.

तिला हायसं वाटलं.